सागरतीरीची वसाहत : दादरचे शिवाजी पार्क

बेतवा आणि धसान या दोन नद्यांमधल्या आपल्या मुलखात समुद्राचा विषय काढणे काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु छत्रसालाने बाजीरावास दिलेल्या तिसऱ्या हिश्शाच्या व्यवस्थेसाठी जे दक्षिणी लोक बुंदेलखंडात आले, त्यांत कोकणातले पुष्कळ होते. खुद्द गोविंदपंत बुंदेले रत्नागिरीजवळच्या नेवऱ्याचे, म्हणजे सागरकिनाऱ्याचेच. पुढे त्यांनी ठाणे घातले तेही सागर येथे, विस्तीर्ण तलावाच्या काठी. कोकण्याला पाण्यावाचून करमत नाही, असे आम्ही यावरून म्हणत असतो. इतिहासज्ञांनी ते फार मनावर घेऊ नये.

आजही निवृत्तीचे दिवस जवळ आले की आपल्या मंडळातल्या बैठकींत एक प्रश्न हटकून निघतो: मुंबईस, समुद्राजवळ, आपल्या माणसांत एखादी जागा मिळेल काय? आणि नाव निघते ते बहुधा शिवाजी पार्कचे. म्हणून त्या वसाहतीची कुळकथा येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. समुद्रासमोर घर असावे ही हौस आपल्या पूर्वजांना नव्हती. कोकणातले जुने घर माडांच्या आडोशाला, वाऱ्याला पाठ देऊन उभे असे. किनारा कोळ्यांचा आणि स्मशानाचा. माहीम हे नारळीच्या दाट बनांसाठी प्रसिद्ध होते. त्या बनांच्या आणि भातखाचरांच्या भागात पांढरपेशांची वस्ती होईल असे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणास सांगितले असते, तर त्याने ते हसण्यावारी नेले असते.

हा पालट घडवून आणला तो प्लेगने. १८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला. गिरगाव, मांडवी येथील कोंदट चाळींतून माणसे दगावू लागली, शहर ओस पडू लागले, तेव्हा सरकारने १८९८ मध्ये नगरसुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. रुंद रस्ते काढावेत, पश्चिमेचा वारा शहरात खेळवावा आणि उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर आखीव वस्ती वसवावी, हा त्याचा उद्देश. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी या त्याच धोरणाची फळे. त्याच ओघात समुद्रानजीक एक विस्तृत मैदान राखण्यात आले आणि १९२५ साली ते माहीम पार्क या नावाने लोकांस खुले झाले. दोनच वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या वेळी (जन्मसाल त्या काळी १६२७ धरीत), नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले. चंपारणात गांधीजींसमवेत काम केलेल्या आणि त्यांचे मराठी चरित्र लिहिणाऱ्या याच त्या अवंतिकाबाई.

मैदानाभोवती १९३० ते १९५० च्या दरम्यान ज्या इमारती उठल्या त्या बेताच्या उंचीच्या, गोलाकार सज्जांच्या. गिरगावातल्या दोन खोल्यांतून आलेल्या कुटुंबाला येथे स्वतंत्र स्वयंपाकघर, घरातच न्हाणीघर आणि गॅलरीत वारा मिळू लागला. आमच्या मते या वसाहतीचे खरे भाग्य समुद्रात नाही, मैदानात आहे. समुद्र मुंबईत पुष्कळांना दिसतो. पण सुमारे सव्वा किलोमीटरचा परीघ असलेली मोकळी जागा दाराशी कितीजणांना लाभते? याच मैदानावर रमाकांत आचरेकरांनी सचिन तेंडुलकर घडविला. पलीकडच्या कॅडेल रोडचे आज स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग असे नामकरण झाले आहे; सावरकर १९३८ पासून अखेरपर्यंत येथेच राहिले.

दादर चौपाटीला मात्र वेगळेच माहात्म्य प्राप्त झाले. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पार्थिवावर या वाळूत अंत्यसंस्कार झाले. दरसाल ६ डिसेंबरला लक्षावधी माणसे चैत्यभूमीच्या दर्शनास येतात. समुद्राची हवा खाणाऱ्या प्रवाशांची गणना त्यांच्यापुढे कशाला करावी?

आता घरांविषयी. ही हकीकत आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांना विशेष लागू आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. कुळांना दिलासा मिळाला, परंतु मालकास दुरुस्तीची इच्छा उरली नाही, आणि खाऱ्या वाऱ्याने लोखंड खाल्ले. त्याहून महत्त्वाचे असे की, कुळाच्या मृत्यूनंतर जागेचा हक्क त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जाई. जो मुलगा सरकारी नोकरीत झाशी, जबलपूर, नागपूर असा बदल्यांवर हिंडत राहिला, त्याचा क्रम मागे पडला; जो घरी राहिला, त्याच्या नावे पावती झाली. कायद्याचा हेतू वाईट नव्हता. ज्याला छप्पर हवे त्याला ते मिळावे, इतकेच. परंतु भावाभावांत त्यापायी अबोला आलेली घरे आम्ही पाहिली आहेत. १९९९ च्या नव्या कायद्याने दरसाल चार टक्के भाडेवाढीस वाव दिला आणि पागडीला मान्यता दिली. तरी राहत्या कुटुंबीयाचे पारडे जडच राहिले. जुन्या इमारती पाडून मनोरे उठू लागले, तेव्हा त्या एका पावतीचे मोल पेन्शनीच्या कैक पटींनी वाढले.

तेव्हा निवृत्तीच्या रकमेतून तेथे घर घेण्याचा विचार करणाऱ्यांना आमचे सांगणे स्पष्ट आहे. मध्यमवर्गासाठी वसविलेली ही वसाहत आता त्या वर्गाच्या खिशास झेपणारी नाही. वडिलोपार्जित जागेत हिस्सा निघत असेल, तर भाऊ हयात आहेत तोवर बोलणी करून कागद करून घ्यावेत. समुद्रालगतच्या बांधकामावर १९९१ पासून केंद्र सरकारचे किनारा-नियमन आहे. तेव्हा पुनर्बांधणीच्या गोष्टी सांगणाऱ्या बिल्डरास आधी परवानगीची प्रत मागावी.

केवळ पाहण्यास जाणाऱ्यांनी मात्र अवश्य जावे. दादर स्थानकापासून पायी अर्ध्या तासाची वाट आहे. चौपाटीची वाळू पुष्कळ झिजली असून भरतीला पाणी थेट भिंतीशी येते. म्हणून ओहोटीची वेळ विचारून, ऊन उतरल्यावर निघावे. वांद्रे-वरळी दरम्यान २००९ साली खुला झालेला सागरी सेतू दिसेल. मैदानाच्या कठड्यावर संध्याकाळी पेन्शनरांची बैठक असते. बुंदेलखंडातून आलो असे सांगितले की झाशीच्या राणीची चौकशी होते आणि सरकून जागा दिली जाते.