७ नोव्हेंबर : रजिस्टरातला क्रमांक १९१४ आणि दीड दिवसाची शाळा



७ नोव्हेंबर १९००. सातारच्या राजवाड्यातील सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, नऊ वर्षांच्या एका मुलाचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला. रजिस्टरला नाव लागले भिवा रामजी आंबेडकर. नोंद क्रमांक १९१४. १९०४ पर्यंत हा मुलगा याच शाळेत शिकला. पुढे वडिलांबरोबर मुंबईला गेला, १९०७ मध्ये मॅट्रिक झाला, १९१२ मध्ये बी.ए. झाला आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. ज्या रजिस्टरातून हा प्रवास सुरू झाला ते या शाळेने जपून ठेवले आहे.

या दिवसाची दखल घ्यायला महाराष्ट्र शासनाला ११७ वर्षे लागली. साताऱ्यातील आंबेडकरी कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१७ मध्ये शासनाने ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून जाहीर केला. निर्णय चांगलाच आहे. पण दरवर्षी या दिवशी जी भाषणे होतात त्यांचा सूर एकच असतो : 'बाबासाहेब गरीब होते, हुशार होते, कष्टाळू होते, म्हणून मोठे झाले. तुम्हीही अभ्यास करा, मोठे व्हा.' इतिहासाला एवढे गुळगुळीत करून कोणाची सोय होते, हे आपण तपासले पाहिजे.

पहिला प्रश्न. महाराच्या मुलाला या शाळेत प्रवेश मिळालाच कसा? कोणाच्या दयेने? १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला होता. तो नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत आणि पुढे वरिष्ठ सरकारपर्यंत गेले. त्यानंतर सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे धोरण कागदावर आले. धारवाडचा तो मुलगा दारातून परत गेला, पण त्याने दार ठोठावले होते. दुसरीकडे महात्मा फुल्यांनी १८४८ पासून पुण्यात शाळा काढल्या आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची बाजू मांडली. ज्योतिरावांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीमाईंचे जन्मगाव नायगाव, दोन्ही याच सातारा जिल्ह्यातली. तिसरी गोष्ट लष्कराची. सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पलटणीत शिक्षण मिळालेला बाप घरात होता, म्हणून मुलगा शाळेच्या दारापर्यंत पोहोचला. हा प्रवेश म्हणजे दोन पिढ्यांच्या झगड्याचे फळ आहे. कोणा एका भल्या माणसाचे ते दान नाही.

दुसरा प्रश्न. प्रवेश मिळाला म्हणजे समता मिळाली का? बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतःच लिहून ठेवले आहे. वर्गात हुशारीच्या क्रमाने बसण्याची त्यांना मुभा नव्हती. कोपऱ्यात वेगळे गोणपाट टाकून बसायचे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. नळाची तोटी शिपायाने सोडली तरच पाणी. शिपाई नसेल तर दिवसभर तहान.

प्रवेशानंतर काही महिन्यांतच, १९०१ च्या उन्हाळ्यात, मसूर स्टेशनवरचा प्रसंग घडला. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुले त्यांना भेटायला निघाली. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली. महार आहोत असे कळताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एकजण तयार झाला. रात्रभर डबा समोर असूनही पाण्यावाचून मुले उपाशी राहिली. इंग्रजी शाळेच्या रजिस्टरात नाव होते, पण त्याने घोटभर पाणी मिळाले नाही. शिक्षणाने जात आपोआप जाते असे म्हणणाऱ्यांनी मसूरची ती रात्र आठवावी.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. एका भिवाला प्रवेश मिळाला, बाकीच्यांचे काय? त्या काळी वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, तोच पुढे सांगली. याच वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊ साठे जन्मले. भिवाच्या प्रवेशाला तेव्हा वीस वर्षे होत आली होती. अण्णा भाऊंची शाळा किती दिवसांची? दीड दिवसाची, असे सांगितले जाते. गुन्हेगार ठरवलेल्या जातीचा हा मुलगा बापाबरोबर वाटेगावहून मुंबईला पायी गेला आणि अक्षरे गिरणगावात शिकला. त्याच माणसाने १९५९ मध्ये 'फकिरा' लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

भिवा रामजी आणि तुकाराम भाऊराव, दोघांच्याही बुद्धीबद्दल शंका नाही. फरक कशाचा पडला? एकाच्या घरात पलटणीचे शिक्षण आणि पेन्शन होती, शहरात सरकारी हायस्कूल होते. दुसऱ्याच्या वाट्याला गावकुसाबाहेरची झोपडी आणि पोलिसांची हजेरी होती. 'हुशार असेल तो पुढे जातोच' हे वाक्य याच दोन नावांपुढे खोटे पडते. अण्णा भाऊ शाळेशिवाय मोठे झाले याचे कौतुक करताना, शाळेशिवाय मातीत गेलेल्या हजारोंची आठवण कोण ठेवणार?

म्हणून ७ नोव्हेंबर हा हिशेब मागण्याचा दिवस आहे. संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे आश्वासन दिले. त्याचा कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. आणि २०२३ मध्ये याच राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा सुरू झाली. पाटण, जावळीच्या डोंगरातल्या वाडीवरची शाळा बंद झाली तर सहा-सात वर्षांची मुलगी ओढा ओलांडून किती लांब जाणार? साखर कारखान्यांच्या फडावर कोयता घेऊन आलेल्या आई-बापांची मुले सहा महिने कोणत्या पटावर असतात? शिष्यवृत्ती वेळेवर जमा झाली नाही म्हणून कॉलेजने दाखला अडवला, तर तो विद्यार्थी कोणत्या गोणपाटावर बसलेला असतो?

आणखी एक साधी गोष्ट. हा दिवस बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येतो. २०१८ मध्ये ७ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनच होते. शाळेला कुलूप आणि विद्यार्थी दिवस फाईलमध्ये! शासनाची वाट कशाला बघायची? त्या दिवशी आपल्या वस्तीत बसा. शाळा सोडलेल्या मुला-मुलींची यादी करा. कोणाची फी अडली, कोणाचा जातीचा दाखला अडला, कोणाला वसतिगृह मिळाले नाही, हे लिहून काढा आणि सुट्टी संपताच ती यादी घेऊन गटशिक्षणाधिकारी व समाजकल्याण कार्यालयात जा. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा, पारधी वस्ती अशा वेगवेगळ्या याद्या करू नका. एकच करा.

सातारच्या रजिस्टराला हार जरूर घाला. पण आपल्या गावच्या शाळेचे रजिस्टरही उघडून बघा. त्यात कोणाचे नाव नाही, हे शोधणे हीच त्या क्रमांक १९१४ ला खरी मानवंदना आहे.

जयभीम!