‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ आणि तिचे श्रोते : एका मतभेदाची मीमांसा

(१)

लोकप्रिय संगीतातील एखाद्या कृतीचे स्वागत कसे झाले, याचा निर्णय करताना सामान्यत: तीन प्रकारची साधने वापरली जातात : विक्रीचे आकडे, समकालीन समीक्षा आणि उत्तरकालीन आठवणी. ही तिन्ही साधने एकाच गोष्टीची साक्ष देतात, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती अभ्यासकांत आढळते. वस्तुत: त्यांचे विषय भिन्न असतात. विक्री ही पुष्कळदा ऐकण्यापूर्वीच्या विश्वासाची साक्ष असते. समीक्षा ही बहुधा पहिल्या श्रवणाची साक्ष असते. आठवण मात्र श्रवणानंतर जे जे घडले, त्या सर्वांच्या संस्काराने घडलेली असते.

‘येस’ या इंग्लिश रॉक बँडची ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ ही ध्वनिमुद्रिका डिसेंबर १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिने या बँडच्या चाहत्यांत जी फूट पाडली, ती पन्नास वर्षांनंतरही पुरती बुजलेली नाही. एका पक्षाला ती बँडच्या कर्तृत्वाचे शिखर वाटते, तर दुसऱ्याला पोकळ डौलाचा नमुना. या मतभेदाचे मूळ संगीताच्या बऱ्या-वाईटपणात शोधण्याचा प्रघात आहे. परंतु साधनांचा क्रमवार विचार केला असता वेगळाच निष्कर्ष निघतो. वाद मुख्यत: संगीताच्या गुणाविषयी नव्हता, तर कलावंताने श्रोत्याकडे किती वेळ, किती धीर आणि किती पूर्वज्ञान मागावे, याविषयी होता.

(२)

‘येस’ची स्थापना १९६८ मध्ये लंडन येथे गायक जॉन अँडरसन व बास गिटारवादक ख्रिस स्क्वायर यांनी केली. पुढे गिटारवादक स्टीव्ह हाउ व की-बोर्डवादक रिक वेकमन हे त्यात सामील झाले. १९७१ च्या ‘फ्रॅजाइल’ने बँडला कीर्ती मिळाली आणि सप्टेंबर १९७२ मधील ‘क्लोज टू दि एज’ने ती दृढ केली. या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील शीर्षकगीत अठरा मिनिटांहून अधिक लांबीचे असून त्याने तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापली होती. तथापि दुसऱ्या बाजूवर दोन आटोपशीर रचना होत्या. दीर्घ आणि ऱ्हस्व यांचा हा समतोल चाहत्यांच्या अंगवळणी पडला होता. मूळ ड्रमवादक बिल ब्रूफर्ड यांनी १९७२ मध्ये बँड सोडला व त्यांची जागा ॲलन व्हाइट यांनी घेतली.

१९७३ च्या आरंभी बँड जपानच्या दौऱ्यावर असताना टोकियोतील हॉटेलात अँडरसन परमहंस योगानंद यांचे १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र चाळीत होते. योगानंद (१८९३–१९५२) हे नाव इंग्लिश रॉक संगीताच्या जगात नवखे नव्हते. बीटल्सच्या १९६७ मधील ‘सार्जंट पेपर’च्या वेष्टनावर त्यांची व त्यांच्या गुरुपरंपरेची छायाचित्रे झळकली होती. त्या आत्मचरित्राच्या ८३ व्या पृष्ठावरील एका लांबलचक तळटीपेने अँडरसन यांचे लक्ष वेधले. शास्त्रग्रंथांचे श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र असे चार वर्ग तीत सांगितले आहेत. चार वर्गांवर चार रचना, प्रत्येक रचनेला तबकडीची एक बाजू, असा आराखडा त्यातून सिद्ध झाला. अँडरसन व हाउ यांनी दौऱ्यातील मुक्कामांत त्याची मांडणी केली आणि त्याच वर्षी लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत ध्वनिमुद्रण पार पडले. चारही रचना मिळून सुमारे ८० मिनिटांचे संगीत तयार झाले.

(३)

रचनांच्या शीर्षकांकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. पहिल्या रचनेच्या शीर्षकात प्रकटीकरण आहे, दुसरीच्या स्मरण, तिसरीच्या प्राचीनता आणि चौथीच्या विधी. ही चारही शीर्षके म्हणजे योगानंदांच्या तळटीपेत दिलेल्या चार संस्कृत शब्दांच्या इंग्रजी अर्थांचे जवळजवळ थेट पडसाद होत. म्हणजे येथे शास्त्रांचे नव्हे, तर शास्त्रांच्या नावांचे संगीतात रूपांतर झाले आहे.

या रूपांतरात अर्थाची जी हालचाल झाली, ती लक्षात घेण्याजोगी आहे. ‘श्रु’ धातूपासून आलेल्या ‘श्रुती’चा अर्थ ‘ऐकलेले’. तळटीपेत ‘ऐकलेले’ व ‘प्रकट झालेले’ असे दोन्ही अर्थ आहेत. बँडने दुसरा उचलला आणि शीर्षकात ‘गॉड’ हा शब्दही जोडला. वेद अपौरुषेय मानणाऱ्या मीमांसकांना वेदाचा कर्ता म्हणून ईश्वरही मान्य नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘श्रुती’चे हे बायबली वळण किती दूरचे आहे, ते कळते. ‘तंत्र’ शब्दात ‘तन्’ म्हणजे ताणणे हा धातू असून मागावरचा ताणा हा त्याचा एक जुना अर्थ आहे. चौकट, पद्धती, शास्त्र हे अर्थ त्यातून विकसित झाले. ‘विधी’ हा त्या शब्दाचा व्युत्पत्तीने येणारा अर्थ नव्हे, तर एका विशिष्ट परंपरेतील व्यवहाराने आलेला अर्थ होय. शिवाय श्रुती, स्मृती इत्यादींचा क्रम हा मूलत: प्रामाण्याचा क्रम आहे. ध्वनिमुद्रिकेत तो काळाचा क्रम बनला : पहाटेपासून विधीपर्यंतचा प्रवास.

वेष्टनावर अँडरसन यांनी या सर्वांचे स्पष्टीकरण छापले होते. त्यात ‘स्मृती’चे अनेकवचन चुकीने ‘सुरिटिस’ असे वाचले जाईल अशा अक्षरांत पडले. रोमन लिपीतील ‘म’कारदर्शक अक्षराच्या जागी ‘उ’कारदर्शक अक्षर आल्याने हा प्रमाद घडला. कानाने शब्द ग्रहण करणाऱ्याकडून अशी चूक संभवत नाही. ती डोळ्याची चूक आहे. श्रुतीवर आधारलेल्या कृतीचे मूळ श्रवणात नसून वाचनात होते, याचा हा लहानसा पण बोलका पुरावा होय.

तिसऱ्या रचनेत निरनिराळ्या भाषांतील सूर्यवाचक शब्दांची एक माळ गुंफली आहे. त्यांत लॅटिन परंपरेतील ‘सोल’ आहे, बाल्टिक भाषांतील ‘साउले’ आहे, आणि ‘सूर्य’ शब्दाचे एक रूपही आहे. हे तिन्ही शब्द एकाच इंडो-युरोपीय मुळाचे वंशज होत. त्यांच्याच शेजारी नाहुआत्ल भाषेतील ‘टोनाटिउ’ येतो, ज्याचा या कुळाशी संबंध नाही. आणि हिंदीतील ‘धूप’ही येतो, ज्याचा अर्थ सूर्य नसून ऊन असा आहे. शब्दकोशातून वेचलेली ही सामग्री गायली जाते तेव्हा तिचे कार्य अर्थ सांगण्याचे राहत नाही, नाद निर्माण करण्याचे होते. गीतांच्या शब्दांविषयी चाहत्यांत जे तीव्र मतभेद झाले, त्यांचे बीज येथे आहे. अर्थ शोधणारा श्रोता निराश होतो, नाद स्वीकारणारा तृप्त होतो.

याहूनही महत्त्वाचा मुद्दा रचनेच्या आकलनाचा आहे. पाश्चात्त्य सिंफनीचे चार भाग त्यांच्या गतीवरून व स्वभावावरून कानालाच वेगळे जाणवतात. या ध्वनिमुद्रिकेतील चार भागांचे वेगळेपण कानाला सर्वस्वी जाणवत नाही असे नव्हे. तिसऱ्या भागातील गिटारचे प्राधान्य किंवा चौथ्यातील तालवाद्यांचा कल्लोळ सहज ओळखू येतो. परंतु हे वेगळेपण श्रुती-स्मृतींचे आहे, हे मात्र वेष्टन वाचल्यावाचून कळत नाही. राग-तालाची मांडणीही येथे नाही. भारतीय कल्पना आली ती ग्रंथाच्या द्वारे आली, संगीताच्या द्वारे नव्हे.

(४)

आता श्रोत्यांकडे वळले पाहिजे. ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत प्रथम क्रमांकावर गेली व दोन आठवडे तेथे राहिली. अमेरिकेत तिने सहावा क्रमांक गाठला. ब्रिटनमध्ये तर केवळ आगाऊ मागणीच्या बळावर तिला सुवर्ण दर्जा प्राप्त झाला. हे आकडे पुढे करून ध्वनिमुद्रिका लोकप्रिय होती, असे प्रतिपादन करण्यात येते. पण आगाऊ मागणी नोंदवणाऱ्याने ते संगीत ऐकलेले नसते. त्याने मान्यता दिली ती ‘क्लोज टू दि एज’ला, नव्या कृतीला नव्हे. आकड्यांवरून चाहत्यांच्या अपेक्षेची उंची मोजता येते, समाधानाची नाही.

प्रत्यक्ष श्रवणाचा प्रसंग आला तो नोव्हेंबर १९७३ मध्ये. ध्वनिमुद्रिका दुकानांत येण्यापूर्वीच बँडने ब्रिटनचा दौरा आरंभिला. त्यात लंडनच्या रेनबो थिएटरातील पाच रात्रींचे कार्यक्रम होते. कार्यक्रमाची मांडणी अशी असे : आरंभी ‘क्लोज टू दि एज’ संपूर्ण, त्यानंतर नवी कृती संपूर्ण, आणि शेवटी ‘राउंडअबाउट’ हे प्रसिद्ध गीत. म्हणजे दोन परिचित प्रदेशांच्या मध्ये सुमारे ८० मिनिटांचा सर्वस्वी अपरिचित प्रदेश श्रोत्याला ओलांडावा लागे. त्याच्या हाती तबकडी नव्हती, वेष्टनावरील स्पष्टीकरण नव्हते, आणि पुनरावृत्तीची सोय अर्थातच नव्हती.

दीर्घ रचनेचा आस्वाद स्मरणावर अवलंबून असतो. आधी येऊन गेलेला स्वरसमूह पुढे रूप बदलून आला, हे ओळखण्यासाठी तो आधी मनात ठसलेला असावा लागतो. चारही बाजूंवर असे स्वरसमूह पुन:पुन्हा येतात, आणि चौथ्या बाजूवर तर पूर्वीच्या भागांचे व बँडच्या जुन्या कृतींचेही पडसाद आहेत. प्रथम ऐकणाऱ्याला हे जाळे दिसणे जवळजवळ अशक्य होते. श्रुतीला स्मृतीची जोड मिळण्यापूर्वीच निर्णय मागितला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

समीक्षकांची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. ‘मेलडी मेकर’चे क्रिस वेल्श हे बँडचे आरंभापासूनचे पाठीराखे. त्यांनाही ही कृती भरकटलेली वाटली. ‘रोलिंग स्टोन’ने तिची संभावना कठोर शब्दांत केली. उलट लंडनच्या ‘टाइम्स’ने चौथ्या भागाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. मतांची ही टोके पाहता समीक्षकांचेही दोन तट पडले होते हे उघड आहे. केवळ प्रतिकूल मते उद्धृत करण्याची उत्तरकालीन प्रथा म्हणूनच एकांगी ठरते.

श्रोत्यांच्या प्रतिक्रियेचा सर्वांत विश्वसनीय पुरावा कोणाच्या शब्दांत नसून बँडच्या कृतीत आहे. १९७४ च्या दौऱ्यात दुसरी बाजू, म्हणजे ‘स्मृती’चा भाग, कार्यक्रमातून वगळण्यात आली. चारांच्या चौकटीवर उभारलेल्या कृतीतून एक भाग काढला म्हणजे चौकटच मोडते. तरीही तो काढावा लागला, यावरून श्रोत्यांची अस्वस्थता बँडपर्यंत पोहोचली होती, असे अनुमान निघते.

(५)

मतभेद केवळ श्रोत्यांत नव्हता, बँडमध्येही होता. अँडरसन व हाउ यांनी कृतीचा पुरस्कार सतत केला. वेकमन यांचे म्हणणे असे की, जमलेली सामग्री एका तबकडीला अधिक व दोन तबकड्यांना अपुरी होती, आणि म्हणून ती ताणून वाढवावी लागली. हे म्हणणे वैयक्तिक नाराजीचे म्हणून सोडून देता येत नाही. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर सुमारे वीस मिनिटांचे संगीत मावते, आणि चारही रचनांची लांबी त्या मापाच्या आसपासच आहे. चार शास्त्रवर्ग आणि चार बाजू यांचा मेळ हा जितका वैचारिक, तितकाच माध्यमाच्या मर्यादेने घडवलेला होता.

मँचेस्टर येथील कार्यक्रमात आपण वाजवता वाजवता रंगमंचावरच करी मागवून खाल्ली, ही कथा वेकमन यांनीच पुढे अनेकदा सांगितली. ती मनोरंजक आहे, आणि म्हणूनच तिने मूळ वादाला झाकून टाकले. १९७४ मध्ये वेकमन यांनी बँड सोडला. त्याच सुमारास त्यांची ‘जर्नी टू द सेंटर ऑफ दि अर्थ’ ही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर आली. वाद्यवृंद, गायकवृंद आणि निवेदक असलेली ही कृतीही महत्त्वाकांक्षेत उणी नव्हती. परंतु तिची कथा ज्यूल व्हर्नची, सर्वपरिचित होती. श्रोत्यांना महत्त्वाकांक्षेचे वावडे नव्हते, वाट दाखवणारा धागा त्यांना हवा होता, हे या योगायोगावरून दिसून येते.

(६)

यापुढील इतिहास आठवणींचा आहे. १९७६–७७ मध्ये पंक संगीताचा उदय झाला, आणि ‘टेल्स’मुळेच हा उठाव अटळ झाला अशी कथा रूढ झाली. या कथेला घटनाक्रमाचा आधार अपुरा आहे. नोव्हेंबर १९७४ मधील ‘रिलेअर’मध्ये बँड एक दीर्घ व दोन लहान रचनांच्या जुन्या मांडणीकडे परतला, आणि ऐन पंकच्या वर्षी, १९७७ मध्ये, ‘गोइंग फॉर द वन’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर पोहोचली. त्या वेळी वेकमन परत आलेले होते. म्हणजे चाहते नाराज झाले होते, पण निघून गेले नव्हते.

पुढच्या काळात या कृतीविषयीचे मत हळूहळू बदलत गेले. २००३ च्या आवृत्तीत पहिल्या रचनेच्या आरंभीचा वगळलेला सुमारे दोन मिनिटांचा भाग पुन्हा जोडण्यात आला. २०१६ मध्ये स्टीव्हन विल्सन यांनी संपूर्ण कृतीचे नव्याने ध्वनिमिश्रण केले. त्याच वर्षीच्या दौऱ्यात बँडने पहिली व चौथी बाजू पूर्ण आणि तिसरीचा एक अंश सादर केला. तो ऐकणाऱ्या जुन्या रसिकांजवळ, १९७३ च्या श्रोत्याजवळ नसलेली एक गोष्ट होती : चार दशकांची पुनरावृत्ती. संगीत तेच राहिले, श्रोत्याची तयारी बदलली.

सारांश, या मतभेदात कोणता पक्ष खरा, हा प्रश्न इतिहासकाराने सोडवावयाचा नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये रेनबो थिएटरात कंटाळलेला श्रोता आणि वीस वर्षे तीच तबकडी ऐकून तिच्यात रमलेला श्रोता हे दोघेही प्रामाणिक साक्षीदार आहेत. मात्र त्यांची साक्ष एका प्रकारची नाही. पहिल्याची साक्ष श्रुताची आहे, दुसऱ्याची स्मृताची. स्मृतिप्रामाण्याचा विचार करताना मीमांसकांनी ज्या विवेकाने हे दोन वर्ग वेगळे ठेवले, तोच विवेक लोकप्रिय संगीताच्या इतिहासकारालाही उपयोगी पडेल. विक्रीच्या आकड्याला आवडीचा पुरावा मानणे आणि नंतर रचलेल्या विनोदी कथेला समकालीन वृत्तांत मानणे, ही एकाच चुकीची दोन रूपे होत.