तिरुवैयारुचे राजा महाविद्यालय : मराठा छत्रांच्या दानातून उभी राहिलेली शिक्षणपरंपरा

तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी वसलेले तिरुवैयारु हे संत त्यागराजांचे (१७६७-१८४७) समाधिस्थान म्हणून देशभर ओळखले जाते. याच गावातील राजा महाविद्यालयाची, म्हणजेच ‘अरसर कल्लूरी’ची पाळेमुळे तंजावरच्या भोसले घराण्याने उभारलेल्या छत्रांच्या दाननिधीत आहेत. ज्ञानाची पहिली पायरी कोणासाठी असावी आणि ती कोणत्या भाषेत असावी, या प्रश्नाचे बदलत गेलेले उत्तर या संस्थेच्या वाटचालीत दिसते.

छत्रे आणि शाळा

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापन केलेले मराठा राज्य १८५५ पर्यंत टिकले. या काळात रामेश्वरच्या यात्रामार्गावर राजघराण्याने अनेक छत्रे बांधली आणि त्यांना जमिनींचे उत्पन्न लावून दिले. यात्रेकरूंना अन्न व निवारा देण्याबरोबरच तेथे वेदपठणासाठी गुरू, मुलांसाठी पंतोजी व रुग्णांसाठी वैद्य यांची व्यवस्था असे. १७९९ च्या तहानंतर राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, तेव्हा छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी यासाठी सरफोजीराजे (दुसरे) यांनी कंपनीच्या रेसिडेंटशी पत्रव्यवहार केला होता. ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्र त्यांच्याच कारकिर्दीतील होय.

मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये आदेश दिलेल्या शैक्षणिक पाहणीत तंजावर जिल्ह्यात ८८४ शाळा आणि उच्च अध्ययनाच्या १०९ पाठशाळा नोंदल्या गेल्या. मात्र या पाठशाळा संस्कृत विद्येच्या होत्या आणि तेथील विद्यार्थी ब्राह्मण समाजातील होते. शाळांचे जाळे दाट असले तरी त्यापुढचा मार्ग बहुसंख्यांना बंद होता.

पहिल्या पायरीचे मराठी प्रयोग

सरफोजीराजांचे (१७७७-१८३२) स्वतःचे शिक्षण जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले होते. गादीवर आल्यानंतर त्यांनी आधुनिक विद्यांसाठी ‘नवविद्याकलानिधी’ शाळा काढल्या आणि देवनागरी छापखाना सुरू केला. इसापनीतीचे मराठी रूपांतर असलेले ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक १८०६ मध्ये तेथे छापले गेले. आरंभीच्या मुद्रित मराठी ग्रंथांत त्याची गणना होते. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नृत्यनाट्यात तर कुरव जमातीच्या भविष्यवेत्तीच्या तोंडून जगाचा भूगोल सांगितला आहे. नवा विषय परिचित भाषेतून व परिचित कलाप्रकारातून मांडण्याची ही रीत प्रारंभिक अध्यापनाचे उत्तम उदाहरण ठरावी.

संस्कृतकडून तमिळकडे

१८५५ मध्ये राजे शिवाजी (दुसरे) यांचे निधन झाले. पुरुष वारस नसल्याने कंपनीने संस्थान खालसा केले. कालांतराने छत्रांचा निधी जिल्हा मंडळाच्या व्यवस्थेखाली आला. या निधीवर तिरुवैयारुत चालणारे महाविद्यालय प्रारंभी केवळ संस्कृतसाठी होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जिल्हा मंडळाचे अध्यक्ष असलेले जस्टिस पक्षाचे नेते ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी तेथे तमिळचे अध्यापन सुरू करवले. तंजावरच्या करंदै तमिळ संगमाचे (स्थापना १९११) उमामहेश्वरम पिळ्ळै यांचाही तसा आग्रह होता. छत्रांच्या निधीवरील वसतिगृहे ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांना खुली करण्याचे श्रेयही पन्नीरसेल्वम यांना दिले जाते. दान तेच राहिले. त्याचे लाभार्थी मात्र विस्तारले.

आजचे प्रारंभिक अभ्यासक्रम

पदवीच्या पहिल्या वर्षातील प्रारंभिक अभ्यासक्रमांपुढे आजही हाच प्रश्न आहे. अर्थशास्त्रात मागणी, पुरवठा, किंमत व राष्ट्रीय उत्पन्न या संकल्पनांपासून सुरुवात होते. कावेरी खोऱ्यातील शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला धानाचा हमीभाव ठाऊक असतो. त्यामागील सिद्धांत त्याला येथे प्रथम भेटतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ओहमचा नियम, डायोड, ट्रान्झिस्टर व द्विमान अंकपद्धती हा पाया असून प्रयोगशाळेतील सराव अपरिहार्य ठरतो. प्राथमिक अध्यापनाचे शिक्षण बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या पदविकेतून दिले जाते. बालविकास, विषयांच्या अध्यापनपद्धती आणि शाळेतील प्रत्यक्ष सराव हे तिचे मुख्य भाग आहेत.

माध्यमाची अडचण या तिन्ही क्षेत्रांत जाणवते. प्रादेशिक भाषेत शालेय शिक्षण घेतलेला विद्यार्थी इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे अडखळतो, तेव्हा त्याला विषय कठीण वाटतो की भाषा, हे शिक्षकाला ओळखावे लागते. तमिळनाडूत महाविद्यालयीन स्तरावर तमिळ माध्यमाची सोय आहे. तमिळ माध्यमातून शिकलेल्यांना राज्य शासनाच्या नोकऱ्यांत २० टक्के प्राधान्य देणारा कायदा २०१० मध्ये झाला. शासकीय शाळांतून उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलींना दरमहा १,००० रुपये देणारी ‘पुदुमै पेण’ योजना २०२२ मध्ये, तर मुलांसाठीची ‘तमिळ पुदल्वन’ योजना २०२४ मध्ये सुरू झाली.

राजाश्रयाच्या छत्रापासून शासकीय विद्यावेतनापर्यंत मदतीचे स्वरूप बदलले आहे. पैशाची सोय झाली तरी पहिल्या वर्षाचा पाठ विद्यार्थ्याला कळेल अशा भाषेत मिळणे, ही उच्च शिक्षणाची खरी सुरुवात होय, हेच तिरुवैयारुचा इतिहास दाखवतो.