उद्यमनगरातील शेगडी आणि राधानगरीची वीज

* कोल्हापूरच्या उद्यमनगरातील विद्युत्-शेगडीचे वर्णन करताना लेखकाने दाब २३० व्होल्ट व प्रवाह ५ अँपिअर एवढीच नोंद केली असली, तरी गेऑर्ग ओम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमान्वये दाबास प्रवाहाने भागिले असता रोध ४६ ओम, आणि दोहोंचा गुणाकार केला असता शक्ती ११५० वॅट येते. लेथ फिरविणाऱ्या मोटारीस मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावू नये, हे आग्रहपूर्वक सांगणे अगत्याचे वाटते. कारण प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या मोटारीत वेटोळ्यांचे प्रवर्तनही प्रवाहास अडवीत असल्याने भागाकारातून निव्वळ रोध हाती येत नाही, आणि गुणाकारासही ‘पॉवर फॅक्टर’ या गुणकाची जोड द्यावी लागते. राजर्षी शाहू महाराजांनी आरंभिलेल्या व स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णत्वास गेलेल्या राधानगरी धरणाची वीज दूरवर नेताना याच गणिताचे खरे मर्म प्रत्ययास येते: तारांत उष्णतारूपाने खर्ची पडणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, तितकीच वीज त्याच तारांतून दसपट दाबाने पाठविल्यास प्रवाह एक-दशांश व नुकसान अवघे एक-शतांश उरते. — संपादक