दिव्यांग व्यक्तींसाठी घरगुती बलवर्धक व्यायाम

हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तीने स्नायूंची ताकद टिकवण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी घरीच, साध्या साधनांच्या आधारे केलेला व्यायाम म्हणजे दिव्यांगांसाठीचा घरगुती बलवर्धक व्यायाम होय. मेरुरज्जूची इजा, पोलिओ, अर्धांगवायू, सेरेब्रल पाल्सी किंवा अवयवविच्छेदन यांमुळे आलेल्या दिव्यांगत्वात तो उपयुक्त ठरतो. पलंगावरून व्हीलचेअरमध्ये सरकणे, शौचालयात उठणे-बसणे, कुबड्यांवर चालणे ही कामे दुसऱ्याच्या मदतीवाचून करता यावीत, हा त्याचा मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मेरुरज्जूची इजा झालेल्या सैनिकांच्या उपचारांत व्यायाम व खेळ यांना स्थान दिले. पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक चळवळ उभी राहिली. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहण्यास आरंभ केला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. महाराष्ट्रात मुंबईच्या हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था (१९५५) आणि माजी सैनिकांसाठीचे खडकी येथील पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र (१९७४) या क्षेत्रातील महत्त्वाच्या संस्था आहेत.

घरी व्यायामाची गरज

न वापरलेला स्नायू काही आठवड्यांतच क्षीण होऊ लागतो; त्यामुळे रुग्णालयात मिळवलेली ताकद घरी सातत्य नसल्यास टिकत नाही. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १५ किलोमीटरवरील दौलताबादसारख्या गावातून नियमित उपचारासाठी शहरात जाणे व्हीलचेअर वापरणाऱ्यास खर्चाचे व कष्टाचे असते. अशा वेळी भौतिकोपचारतज्ज्ञाकडून व्यायाम एकदा नीट शिकून घेऊन ते घरी करणे सोयीचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिव्यांग प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूगटांचे बलवर्धक व्यायाम करावेत.

प्रमुख व्यायाम

* *अंग उचलणे* : व्हीलचेअरचे ब्रेक लावून, हात टेकून बसल्या जागेवरून शरीर वर उचलणे. यामुळे दंड व छातीचे स्नायू बळकट होतात.
* *मागे ओढणे* : रबरी पट्टा खिडकीच्या मजबूत गजाला अडकवून कोपरे मागे नेणे. व्हीलचेअर ढकलताना खांद्यांच्या पुढील स्नायूंवर अधिक ताण येतो. त्याचा तोल या व्यायामाने राखला जातो व खांदेदुखीस आळा बसतो.
* *वजन उचलणे* : पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटलीचे वजन सुमारे एक किलो भरते. पकड कमकुवत असल्यास वाळूची लहान पिशवी मनगटाला पट्ट्याने बांधतात.
* *उठणे-बसणे* : अर्धांगवायूनंतर भिंतीला टेकवलेल्या स्थिर खुर्चीवरून, जवळ कोणीतरी उभे असताना करावयाचा व्यायाम.
* *पालथे झोपून मांडी उचलणे* : पाय कापावा लागलेल्या व्यक्तीच्या नितंबांचे स्नायू यामुळे सक्षम होतात. पालथे झोपल्याने खुब्याचा सांधा आखडण्यासही प्रतिबंध होतो.

सामान्यतः प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा करून थोडी विश्रांती घेतात व पुन्हा एक-दोन आवर्तने करतात. त्याच स्नायूंच्या व्यायामात एक दिवसाचे अंतर ठेवतात. वजन हळूहळू वाढवावे आणि जोर लावताना श्वास रोखून धरू नये.

सेरेब्रल पाल्सीमध्ये अशा व्यायामाने स्नायूंचा ताठरपणा वाढतो, असा समज पूर्वी होता; नंतरच्या अभ्यासांत त्यास आधार मिळाला नाही.

दक्षता

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर मेरुरज्जूची इजा असल्यास रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. यास ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे व घाम येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी व्यायाम थांबवून रुग्णास ताठ बसवावे, घट्ट कपडे सैल करावेत, लघवीची नळी तुंबली नाही ना हे पाहावे आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

मेरुरज्जूच्या इजेत इजेच्या पातळीखाली घाम कमी येतो, त्यामुळे शरीर लवकर तापते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात व्यायाम सकाळी लवकर करणे हितावह असते. संवेदना नसलेल्या भागावर घर्षणाची जखम झाली तरी ती जाणवत नाही. म्हणून व्यायामानंतर त्वचा तपासावी. लहानपणी पोलिओ झालेल्यांना उतारवयात नव्याने अशक्तपणा येऊ शकतो. त्यांनी थकवा येण्यापूर्वीच थांबावे, कारण अतिश्रमाने उरलेली ताकदही घटण्याचा संभव असतो.