हिशोबाच्या खुर्चीवर बाई कशी बसली

मुळशी तालुक्यातल्या चांदे गावातून आम्ही गटाच्या बाया बोलतोय. आमच्या गावापासून हिंजवडी हाकेच्या अंतरावर. कॉमर्सला गेलेल्या आमच्या मुली आता घरी येऊन विचारतात, "मोठ्या ऑडिट फर्ममध्ये नोकरी कशी लागते गं?" डेलॉइट, ईवाय, केपीएमजी, पीडब्ल्यूसी ही नावं त्यांच्या तोंडी असतात. आपल्याला वाटतं, हे आपलं काम नव्हे. म्हणून आज या नोकरीचा इतिहास सांगायचा आहे. तो कळला की मुलीच्या मागे कुठे उभं राहायचं तेही कळतं.

आधी ऑडिट म्हणजे काय ते पाहू. आपल्या गटाची रोजकीर्द, खतावणी, वैयक्तिक पासबुकं, सगळं आपण लिहितो. पंचसूत्रीत नियमित नोंदी आहेतच. पण वर्षाला बाहेरचा माणूस येऊन तपासतो, बँकेतली शिल्लक आणि वहीतली शिल्लक जुळवतो, मग सही करतो. लिहिणारी वेगळी, तपासणारा वेगळा. म्हणून बँक विश्वास ठेवते. मोठ्या कंपन्यांचंही असंच असतं. फक्त तिथे वह्या हजारो असतात आणि भरवसा ठेवणारे लोक लाखो.

हिशोब लिहिणं आपल्या मुलखात नवं नाही. गावात कुलकर्णी होता, दरबारात फडणीस होता, पेढीवर दिवाणजी होता. ही कामं घराण्यात वारशाने चालायची, बापाची लेखणी मुलाकडे जायची. घरातली बाई धान्याचा, दुधाचा, देण्याघेण्याचा हिशोब तोंडी ठेवायची, पण दप्तरापुढच्या बैठकीवर तिला जागा नव्हती.

मग इंग्रजांचं राज्य आलं, कंपन्या आल्या. १९१३ साली कंपनी कायदा झाला आणि कंपनीचे हिशोब कोणी तपासायचे, त्याला पात्रता लागू लागली. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं, व्यापारशिक्षणाचं आपल्याकडचं अगदी सुरुवातीचं कॉलेज. १९१८ साली मुंबईतच हिशोबनिसांसाठी सरकारी पदविका सुरू झाली. तिला जीडीए म्हणायचे. परीक्षा पास व्हायची, शिवाय मान्यताप्राप्त हिशोब तपासनिसाच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करायची. मग देशभर ऑडिटर म्हणून काम करता यायचं. या उमेदवारीला आजही आर्टिकलशिप म्हणतात.

मैत्रिणींनो, खरी मेख इथे आहे. परीक्षेला अभ्यास पुरतो. उमेदवारीला मात्र कुणीतरी आपल्या ऑफिसात खुर्ची द्यावी लागते. ज्या इंग्लंडातून ही पद्धत आली, तिथे उमेदवाराच्या घरच्यांनीच फर्मला रक्कम द्यायची रीत होती. म्हणजे पैसेवाल्याचा मुलगा आत, बाकीचे बाहेर. आणि मुलगी तर विचारातच नाही.

त्याच इंग्लंडात मेरी हॅरिस स्मिथ नावाची बाई होती. लंडनमध्ये ती स्वतःचं हिशोबाचं ऑफिस चालवायची. काम चोख होतं, गिऱ्हाइकं होती. तिने १८९१ साली चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेकडे अर्ज केला. बाई आहे म्हणून नाकारला. १९१९ साली कायदा झाला, की बाई आहे या कारणावरून व्यवसायाबाहेर ठेवता येणार नाही. मग १९२० साली तिला संस्थेत घेतलं. तेव्हा ती ७५ वर्षांची होती. अर्ज आणि उत्तर यांच्यात २९ वर्षं गेली!

आपल्या देशात हे दार आर. शिवभोगम यांनी उघडलं. १९०७ चा जन्म, मद्रासच्या. स्वातंत्र्यलढ्यात परदेशी मालावरच्या बहिष्कारात उतरल्या, तुरुंगात गेल्या. सुटून आल्यावर त्यांनी हिशोबाचा अभ्यास धरला. सी. एस. शास्त्री नावाच्या लेखापालांनी त्यांना उमेदवार म्हणून आपल्या हाताखाली घेतलं. १९३३ साली त्या जीडीए झाल्या, भारतातल्या पहिल्या बाई. पण पास झाल्या म्हणजे संपलं नव्हतं. बाईने स्वतंत्रपणे हा व्यवसाय करण्याला आडकाठी होती. त्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. १९३७ पासून त्या स्वतःच्या नावावर काम करू लागल्या. पुढे दक्षिण विभागाच्या परिषदेच्या अध्यक्षाही झाल्या. अंतिम परीक्षेत चमकणाऱ्या मुलीसाठी त्यांनी संस्थेत पारितोषिक ठेवलं. स्वतः आत गेल्या आणि दार उघडं ठेवून गेल्या.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ साली चार्टर्ड अकाउंटंट कायदा झाला. १ जुलैला आपली राष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि मुंबईचे जी. पी. कपाडिया तिचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणून १ जुलै हा सीए दिवस. आज देशात चार लाखांहून जास्त सीए आहेत आणि दहांत साधारण तीन महिला आहेत. १९३३ साली एकटी होती, हे लक्षात ठेवा.

आता त्या मोठ्या नावांकडे येऊ. ही नावं जगभर पसरलेली, त्यांची मुळं बहुतेक शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधली. पण भारतात कंपनीच्या ऑडिटवर सही भारतीय सीएंच्या फर्मचीच चालते. म्हणून या मोठ्या नावांच्या जोडीला इथल्या फर्म असतात. एस. आर. बाटलीबॉय ही १९१४ साली कलकत्त्यात निघालेली फर्म आज ईवायच्या जाळ्यात आहे. त्यामुळे मुलीच्या हातात नेमणूकपत्र आलं आणि त्यावर वेगळं नाव दिसलं, तर घाबरू नका. मात्र कोणत्या फर्मचं पत्र आहे, ते नीट वाचा. शिवाय पुण्यात पी. जी. भागवत, किर्तने पंडित अशा आपल्या जुन्या फर्म आहेत. तिथेही काम उत्तम शिकायला मिळतं.

मग आत जायचं कसं? तीन वाटा आहेत.

पहिली वाट उमेदवारीची. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट. इंटरचे दोन्ही ग्रुप सुटले की आर्टिकलशिप. पूर्वी तीन वर्षं होती, २०२३ पासूनच्या नव्या योजनेत दोन वर्षं. मोठ्या फर्म या टप्प्यावर लेखी चाचणी आणि मुलाखत घेऊन मुलं निवडतात. पदवी झालेल्यांना फाउंडेशन द्यावी लागत नाही. कॉमर्सला ५५ टक्के हवेत, बी.ए. किंवा बी.एस्सी.ला ६० टक्के. आमच्यासारख्या बी.ए. झालेल्यांनाही दार बंद नाही, हे मुद्दाम सांगतोय.

दुसरी वाट अंतिम परीक्षेनंतरची. नव्या सीएंसाठी संस्था वर्षातून दोनदा नोकरीचे मेळावे भरवते. मोठ्या फर्म तिथे येतात.

तिसरी वाट बी.कॉम. किंवा एम.कॉम. मुलींची. कराची विवरणपत्रं, नोंदी तपासणं, अशा मदतनीस कामांसाठी फर्म पदवीधर घेतात. तिथे संगणकावर एक्सेल यावं लागतं आणि इंग्रजीत आपलं म्हणणं मांडता यावं लागतं.

मुलाखतीत पाठांतर चालत नाही. अमुक रक्कम नावे का, जमा का, हे विचारतात. चूक सापडली तर कुणाला सांगशील, हेही विचारतात. ज्या मुलीने आईच्या शेजारी बसून गटाचा ताळेबंद जुळवलाय, तिच्याकडे सांगायला खरं उदाहरण असतं. ते तिने सांगावं, लाजू नये. आणि एक, नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस फर्मचा नसतो. एक रुपयाही देऊ नका.

गरिबाघरचं कुणी पोचतं का? पोचतं. मुंबईत मालाडच्या चाळीत राहणाऱ्या रिक्षाचालकाची मुलगी २०१३ च्या जानेवारीत लागलेल्या निकालात देशात पहिली आली. तिचा भाऊही त्याच वेळी सीए झाला. २०२४ साली डोंबिवलीत रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या मावशींचा मुलगा सीए झाला, तेव्हा त्यांनी त्याला मारलेली मिठी सगळ्या महाराष्ट्राने पाहिली.

पण त्याच २०२४ साली पुण्यात दुसरीही गोष्ट घडली. एका मोठ्या फर्मच्या इथल्या कार्यालयात लागलेली तरुण सीए मुलगी चार महिन्यांतच वारली. कामाच्या ताणाने माझी लेक गेली, असं तिच्या आईने फर्मच्या प्रमुखाला पत्रात लिहिलं. मानवी हक्क आयोगाने दखल घेतली, केंद्राच्या कामगार मंत्रालयाने चौकशी हाती घेतली. त्या आईचं पत्र आम्ही विसरू शकत नाही. मुलीला खुर्ची मिळाली की आपली जबाबदारी संपत नाही. उमेदवाराला आठवड्याला ३५ तासांचं काम, असा संस्थेचा नियम आहे. नोकरीत हंगामाच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते सप्टेंबरच्या आसपास, काम फार वाढतं. म्हणून मुलीला रोज विचारा, जेवलीस का, झोपलीस का, घरी कशी येणार? आणि "एवढी मोठी नोकरी सोडू नकोस" हे वाक्य घरात बोलू नका. नोकरी दुसरी मिळते.

इतिहास आपल्याला काय सांगतो? बायकांना आकडे येत नव्हते असं कधीच नव्हतं. अडलं होतं ते खुर्चीपाशी. आज कायद्याने ती खुर्ची खुली आहे, पण चांद्याच्या मुलीचं अडतं ते उमेदवारीच्या दोन वर्षांत. विद्यावेतन मिळतं, पण त्यात पुण्यातला जाण्यायेण्याचा, खाण्याचा खर्च भागत नाही. दोन प्रयत्न हुकले की पाहुणे स्थळ घेऊन येतात. नेमकं तिथे मुलगी मागे फिरते.

इथे गट उपयोगी पडतो. म्हशीला कर्ज देतो, लग्नाला देतो, तसं अंतर्गत कर्ज मुलीच्या परीक्षा फीला आणि पासाला द्या. संस्थेच्या शिष्यवृत्त्यांची चौकशी पुण्यात बिबवेवाडीच्या शाखेत करा. बैठकीत ठराव घ्या, की उमेदवारी संपेपर्यंत तिच्या लग्नाचा विषय कुणी काढायचा नाही. ठराव इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या. लिहिलेलं टिकतं, हे आपल्याला गटानेच शिकवलंय.

पुढच्या बैठकीला बारावी कॉमर्सच्या मुलींना शेजारी बसवा आणि त्या महिन्याचा हिशोब त्यांच्याकडून तपासून घ्या. चूक निघाली तर रागावू नका, शाबासकी द्या.