वसई किल्ला

पालघर जिल्ह्यातील, उल्हास नदीच्या मुखावरील पोर्तुगीजकालीन तटबंद शहराचे अवशेष. ठाण्याच्या बाळकुम-कशेळी भागात उल्हासाचे पाणी दिसते. तेच पुढे नागला, घोडबंदरमार्गे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते.  

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या उत्तरेकडील प्रदेशाचे हे मुख्य ठाणे झाले. तटाच्या आत रस्ते, वाडे, मठ आणि अनेक चर्चे होती. सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा आजही लांबून ओळखू येतो. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधील थडग्यांच्या कोरीव शिळा पाहायला मात्र वाकावे लागते. नागासाकी येथे 1597 मध्ये हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया मूळचे वसईचे. मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी मे 1739 मध्ये किल्ला जिंकला. वसईहून नेलेली एक पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात टांगलेली आहे.

बाळकुमहून घोडबंदर रस्त्याने जाता येते. 2024 पासून भाईंदर-वसई रोरो (वाहने नेणारी बोट) सेवाही आहे. पाण्यावरून आल्यास गावाचे मूळ तोंड दिसते: हे शहर बंदराकडे पाहून बांधलेले होते. पावसाळ्यात भिंतींवर शेवाळ आणि वेली चढतात. चित्रे तेव्हा सुंदर येतात, पाय मात्र घसरतात.